तांब्या, परात आणि बारा खुर्च्या

संपादकांचा फोन आला तेव्हा मी बागेत ठिबकच्या नळ्या तपासत होतो. यंदाच्या अंकाचा विषय 'लहान होणं', असं त्या म्हणाल्या. वारकऱ्यांवर लेख आलाय, सूफींवर येतोय, ख्रिस्ती मंडळी राहिलीत, ते तुम्ही करा. मी म्हणालो, "ताई, मी अर्धापुरात राहतो. इथं केशवराजाचं देऊळ आहे, मशिदी आहेत, दर्गे आहेत. चर्चसाठी मला गाव सोडावं लागेल." त्या म्हणाल्या, "मग सोडा की. केळी काय पळून जाणार आहेत?"

केळी पळून जात नाहीत, पण पाण्याची पाळी चुकली की रुसतात. माझी अडचण मात्र वेगळीच होती. नम्रता बघायला जायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? पूर बघता येतो, बाजार बघता येतो. नम्र माणूस स्वतःच्या नम्रतेबद्दल बोलायला लागला की बातमी तिथंच संपते.

मग नांदेडची एक जुनी गोष्ट आठवली. मी सहावी-सातवीत असेन. अण्णा मला सचखंड गुरुद्वाऱ्यात घेऊन गेले होते. तिथं जोडाघर आहे. खिडकीतून चपला आत द्यायच्या, आतली माणसं त्या घेतात, पुसतात, खणात ठेवतात आणि टोकन देतात. आत बसलेले सरदारजी पगारी नसतात. त्यात व्यापारी असतात, अधिकारी असतात, परदेशातून आलेले असतात. त्या दिवशी खिडकीत बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या मनगटावर सोन्याचं घड्याळ होतं. त्यांनी हात पुढं केला आणि अण्णा अडले. बागेतनं थेट आलेले, चपलेला चिखल, एक अंगठा तारेनं बांधलेला. अण्णांनी चपला पाठीमागं धरल्या. शेवटी त्या त्यांनी बाहेरच एका झाडाखाली ठेवल्या आणि सगळा वेळ, लंगर जेवतानासुद्धा, त्यांचं लक्ष त्या झाडाकडं होतं.

दुसऱ्याच्या चपला पुसणं अवघड असेलही. पण आपली चिखलाची चप्पल दुसऱ्याच्या हातात देणं अण्णांना जमलं नव्हतं. एवढं गाठीशी बांधून निघालो.

केळीतून केळीत

मराठवाड्याचे आठही जिल्हे कॅथलिक चर्चच्या नकाशावर औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. हा धर्मप्रांत १९७७ सालचा, त्याआधी आपण अमरावतीच्या पदरात होतो. छावणीतलं मुख्य चर्च सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावानं आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे बिशप त्यांच्या मवाळ वागण्या-बोलण्यासाठी ओळखले जातात, म्हणजे विषयाची सुरुवात घरातच होती. पण आपल्याकडं ख्रिस्ती वस्ती विखुरलेली. मला एखादं अख्खं गावच चर्चभोवती फिरताना बघायचं होतं. त्यासाठी वसई गाठायची ठरवली.

वसईचं नाव डोक्यात बसलं ते धाराशिवात. जानेवारी २०२० मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. निवड जाहीर झाली तेव्हापासून विरोध सुरू होता, धमक्या आल्या होत्या, मांडवात पोलीस होते. फादर पाठीच्या दुखण्यानं बेजार होते. मांडवात माझ्या शेजारी बसलेले एक गुरुजी सारखे म्हणत होते, "पाद्री मराठी काय बोलणार?" भाषण सुरू झाल्यावर ते गप्प झाले. दिब्रिटो मूळचे वसईजवळच्या नंदाखालचे. 'सुवार्ता' मासिक त्यांनी चोवीसेक वर्षं सांभाळलं, अख्खं बायबल 'सुबोध बायबल' म्हणून सोप्या मराठीत आणलं, आणि 'हरित वसई'च्या आंदोलनात बिल्डरांच्या वाटेत उभे राहिले. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले.

तपोवन एक्स्प्रेसनं मुंबई, मग विरार लोकल. वसई रोडला उतरून पश्चिमेकडं वळलं की पहिली दोन-तीन किलोमीटर कुठल्याही उपनगरासारखी. टॉवर, मोबाइलची दुकानं, वडापाव. मग रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना वाड्या लागतात. वाडी म्हणजे विहीर, नारळ, पानवेल, मोगरा, भाजी आणि केळी. केळी दिसल्या आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या अर्धापुरी केळीचा घड हिरवाच ट्रकमध्ये चढतो आणि उत्तरेचा रस्ता धरतो. इथली राजेळी पिकवून, सोलून, उन्हात दिवस-दिवस वाळवून तिची सुकेळी करतात आणि केळीच्याच वाळल्या पानात बांधून विकतात. आम्ही घाईचे, हे सबुरीचे. अर्थात आमच्याकडं एकराचा हिशेब असतो आणि इथं गुंठ्याचा, हेही खरं.

इथल्या चर्चचं वय ऐकून मराठवाड्यातला माणूस दबकतो. सांडोरचं १५६६ सालचं, नंदाखालचं १५७३चं. पोर्तुगीज आले, चर्च बांधली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज गेले. किल्ल्यातल्या मोठाल्या चर्चची छपरं पडली, भिंतींवर पिंपळ उगवले. किल्ल्याबाहेरची वाडीतली माणसं आणि त्यांची चर्च मात्र राहिली. उपासना शेकडो वर्षं लॅटिनमध्ये चालायची. १९६२ ते ६५ या काळात व्हॅटिकनमध्ये जी दुसरी महासभा झाली तिनं लोकभाषेला वाट दिली आणि वेदीवर मराठी आली. १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे हे वसईचेच. घरात मात्र अजून सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोली चालतात. शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं मला अर्धंच कळलं. त्यांना माझं किती कळलं कोण जाणे.

मी जिथं राहिलो तो धर्मग्राम नंदाखाल आणि निर्मळच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी आहे, एवढंच लिहितो. नाव छापू नका, असं तिथल्या मंडळींनी आधीच बजावलं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, नाव छापून आलं की कुणी जास्त केलं आणि कुणी कमी केलं याचा हिशेब सुरू होतो, आणि पुढच्या वर्षी झाडू मारायला माणूस मिळत नाही.

पाळी

धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या कक्षेतली सगळी घरं. आपल्या भाषेत सांगायचं तर गावकी, देवस्थान आणि ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, हे तिन्ही एका छपराखाली. ऑफिसातल्या काचेच्या कपाटात बाप्तिस्म्याची जाड रजिस्टरं असतात. मुलाचं नाव, आईबापांचं, धर्ममायबापांचं. एका बाजूला समास कोरा सोडलेला असतो. तो मुलगा पुढं कुठंही लग्न करो, दिल्लीत नाहीतर दुबईत, ते कळवणारं पत्र इथं येतं आणि त्याच समासात नोंद होते. माणूस कितीही मोठा झाला तरी त्याचं मूळ पान या कपाटात. मी विचारलं, इथं फार मोठ्या माणसाचं पान आहे का? क्लार्कबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सगळ्यांना एकच ओळ असते."

घरांचे भाग पाडलेले असतात, आळीप्रमाणं किंवा विभागाप्रमाणं. आळीच्या तोंडाशी एक क्रूस असतो, मे महिन्यात संध्याकाळी लोक त्याच्यापुढं जपमाळ म्हणतात. कामं या विभागांना वाटून दिलेली. या आठवड्यात झाडलोट या आळीची, फुलं त्या आळीची, वाचन अमक्यांचं, गायनवृंद तरुणांचा. रविवारी पोरांना धर्मशिक्षण देणारे शिक्षक बिनपगारी, त्यात बँकेतल्या बाई असतात आणि दुधाचा रतीब घालणारेही.

शनिवारी सकाळी झाडलोट बघितली. नऊ-दहा बाया, तीन पुरुष. चर्चचे बाक लांबच लांब, सागवानी, एकट्याला हलत नाहीत. दोघांनी एकेक टोक धरायचं, तिसरीनं खालून झाडू फिरवायचा. एका टोकाला मुंबईत मोठ्या कंपनीत असलेले गृहस्थ होते, दुसऱ्या टोकाला वाडीवर मजुरीला जाणारी बाई. बाई म्हणत होती, "अजून वर. अजून." गृहस्थांचा चेहरा लाल झाला होता. वर उचलायला लागत होतं कारण तिचा झाडू लांब दांड्याचा होता. तेवढा वेळ हुकूम तिचा होता.

मला वाटतं, इथली नम्रता शोधायची तर ती या पाळीत आहे. स्वभावानं ही माणसं तुमच्या-माझ्यासारखीच. रुसतात, भांडतात, फुलांच्या रचनेवरून दोन विभागांत तीन महिने अबोला धरतात. पण शनिवार आला की बाकाचं टोक धरायला कुणीतरी लागतंच, आणि अबोला धरून बाक उचलता येत नाही.

फादरांची गोष्ट जरा वेगळी. धर्मग्रामाची सल्लागार परिषद असते, ती मत देते. चर्चच्या कायद्याप्रमाणं तिचं मत सल्ल्यापुरतंच, शेवटचा शब्द प्रमुख धर्मगुरूंचा. वित्त समिती मात्र असलीच पाहिजे असा नियम आहे. म्हणजे पैशाला चार डोळे हवेत हे मान्य, निर्णयाला नाही. मला हे खटकलं आणि मी तसं बोललोही. ज्या फादरांशी बोललो ते हसले आणि त्यांनी दोन गोष्टी पुढं केल्या. पहिली, बदली. काही वर्षं झाली की बिशपांचं पत्र येतं. सायकल स्टँडपासून शाळेच्या छपरापर्यंत जे उभं केलं ते सोडून दोन बॅगा घेऊन निघायचं. नव्या जागी पहिले सहा महिने चर्चची देखरेख करणाऱ्या काकांना विचारल्याशिवाय किल्लीसुद्धा सापडत नाही. दुसरी गोष्ट, पापनिवेदन. लोक फादरांपुढं गुडघे टेकतात, तसे फादरही दुसऱ्या फादरांपुढं टेकतात. त्यातून खुद्द पोपचीही सुटका नाही.

उत्तर चांगलं होतं. माझा प्रश्न मात्र तिथंच उभा होता. आणि झाडणाऱ्या तेरा जणांत दहा बाया का, हा दुसरा प्रश्न मी विचारायचाच राहिलो.

बंद मूठ

मंगळवारी रात्री व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बैठकीत बसायला मिळालं. ही संस्था पॅरिसमध्ये १८३३ साली सुरू झाली. सुरू करणाऱ्यांतला फ्रेडरिक ओझानम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. आज जगभर गावोगावच्या चर्चमध्ये तिच्या शाखा आहेत. काम साधं. गरजू घरांना भेटायला जायचं, जोडीनं जायचं, आणि रिकाम्या हातानं नाही. कुणाला औषध, कुणाला शाळेची फी, कुणाला नुसतं बोलायला माणूस.

सात माणसं होती. एक ट्यूबलाइट, एक फुटका पंखा. प्रार्थना झाली, मागच्या आठवड्याच्या भेटींचा हिशेब झाला. घरांची नावं कुणी घेत नव्हतं. 'विहिरीजवळच्या आजी', 'ते दोघं भाऊ' एवढंच. ज्या जोडीनं भेट दिली तिलाच घर ठाऊक. शेवटी अध्यक्षांनी खणातून काळ्या कापडाची एक पिशवी काढली, तोंडाला नाडी असलेली, आजीबाईच्या बटव्यासारखी. ती हातोहात फिरली. प्रत्येकानं बंद मूठ आत घातली, उघडी करून बाहेर काढली. मुठीत पाचशेची नोट होती की काहीच नव्हतं, ते कळायला मार्ग नाही. नाणं टाकलं तर आवाज येतो, म्हणून नाण्यांचा रिवाज नाही. पिशवी माझ्यापर्यंत आली. मीही मूठ घातली. किती, ते सांगितलं तर पिशवीचा उपयोग काय?

आमच्याकडं देवळाच्या फरशीवर नावं कोरलेली असतात. कैलासवासी अमक्यांच्या स्मरणार्थ रुपये एक हजार एक. पायरी चढताना आपण ती नावं तुडवतो, पण वाचून तुडवतो. वसईतही बाकांच्या पाठीवर देणगीदारांची नावं आहेतच. माणूस इथून तिथून सारखा. तरी ती काळी पिशवी माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्यात देणारा लपतो हे तर झालंच, पण ज्याच्याकडं त्या आठवड्यात द्यायला काही नाही तोही लपतो. तोसुद्धा मूठ घालतो, आणि बैठकीतला सातवा माणूस म्हणून घरी जातो.

आधीच वाकलेले

इथं मला थांबून हरेगावची एक आठवण सांगावी लागेल. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळ हे गाव आहे. जुन्या साखर कारखान्याचं. सप्टेंबरात तिथं मतमाउलीची यात्रा भरते. मतमाउली म्हणजे येशूची आई मारिया. मराठवाड्यातून, नाशकाकडून लोक चालत, टेम्पोनं, मिळेल त्या वाहनानं येतात. पताका, भजनं, टाळ, रस्त्याकडेला चहाच्या राहुट्या. डोळे मिटून ऐकलं तर पंढरीच्या वाटेवर आहोत असंच वाटावं. काही वर्षांपूर्वी मी एका मित्राबरोबर गेलो होतो. तिथं जालन्याकडचे एक निवृत्त मास्तर भेटले. आजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती.

मास्तरांनी मला एक गोष्ट सुनावली. नम्रतेवरचं प्रवचन ऐकलं की त्यांना हसू येतं. त्यांचा आजा गावातून जाताना चपला काढून हातात घ्यायचा, मारुतीच्या पारापुढं मान खाली घालायचा, हाक आली की 'जोहार' म्हणायचा. नम्रता त्याला कुणी शिकवायची गरजच नव्हती. त्याला बाकावर बसायला शिकवायची गरज होती. फादर खुर्चीवर बसणार आणि त्याच्यासमोर आजाही खुर्चीवर बसणार, हे पहिल्यांदा घडलं तेव्हा म्हणे आजा तीनदा उठून उभा राहिला.

आपल्याकडचे बहुतेक कॅथलिक गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेले. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख त्यात आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २०२२ मध्ये केंद्रानं त्यावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. म्हणजे चर्चमध्ये गेलं तर जात सुटावी अशी अपेक्षा, कागदावर ती सुटली असं सरकारनं मानलं, आणि गावानं मात्र मानलं नाही. चर्चनं तरी मानलं का? भारतातल्या बिशपांच्या परिषदेनं २०१६ मध्ये दलित ख्रिश्चनांविषयी एक धोरण जाहीर केलं आणि चर्चच्या आतही अस्पृश्यता पाळली जाते हे कबूल केलं. आपल्या शेजारच्या हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ मध्ये कार्डिनल झाले. भारतातले पहिले दलित कार्डिनल. तोवर एकविसाव्या शतकाची बावीस वर्षं गेली होती.

गोव्यात तर चर्चमधल्या जुन्या मंडळ्या जातीनुसार वेगळ्या असत, सणाला अंगावर घ्यायच्या उपरण्यांचे रंगसुद्धा वेगळे. वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी एकाच बाकावर बसतात, पण लग्नं बहुतेक ज्याची त्याच्यात जमत आली. तरुण पोरं आता ती कुंपणं ओलांडू लागलीत, आईबापांची कुरकुर अजून चालू आहे. 'हे आपल्यातले नाहीत' हे वाक्य मी वसईत दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा ज्यांच्याविषयी होतं तेही ख्रिस्तीच होते.

तेव्हा नम्रतेचा उपदेश कोण कुणाला करतो, हे बघितल्याशिवाय या विषयावर लिहू नये, असं मला मास्तरांनी शिकवलं. ज्यांची मान पिढ्यान् पिढ्या खालीच होती त्यांना लहान व्हा म्हणणं हा उपदेश नाही, ती गावकीचीच जुनी आज्ञा आहे.

गुरुवार

१७ एप्रिल २०२५. ईस्टरच्या आधीचा गुरुवार, पवित्र गुरुवार. येशूनं क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवण केलं, तो हा दिवस. योहानाच्या शुभवर्तमानात येतं की जेवताना तो उठला, कमरेला पंचा बांधला आणि शिष्यांचे पाय धुवायला बसला. पेत्र नावाचा शिष्य तयारच होईना. गुरूनं पाय धुवायचे म्हणजे काय? अण्णा आठवले.

आपल्याकडं पाय धुणं नवं नाही. पाहुणा आला की दारात तांब्या ठेवतो. लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात. पण आपल्याकडच्या पाण्याला उतार असतो, लहानाकडून मोठ्याकडं. इथं ते उलटं चढवलं जातं, वर्षातून एकदा.

बारा माणसं आठवडाभर आधी ठरतात. पूर्वी पुरुषच असत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या जानेवारीत नियम बदलला, आता बायाही बसतात. इथं बारांत चार बाया होत्या. दुपारी मी त्यांतल्या एका काकांच्या वाडीत बसलो होतो. काका विहिरीच्या कठड्यावर बसून वजरीनं टाचा घासत होते. बाजूला लिंबाची फोड, साबणाचा तुकडा. घासून घासून टाच गुलाबी झाली होती. काकू म्हणाल्या, "तीन दिवस चाललंय. एवढी लग्नातही घासली नव्हती." पाय धुवायला बसायचं तर पाय आधी धुतलेले हवेत, यातली गंमत काकांना कळत होती. पण अख्ख्या गावासमोर भेगांची टाच फादरांच्या हातात द्यायची? त्यापेक्षा वजरी बरी.

संध्याकाळी चर्च भरून वाहत होतं. वेदीसमोर बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या. अकरा भरल्या. बारावा माणूस चर्चगेटहून लोकलनं येणार होता, आणि लोकल बोरिवलीच्या पुढं कुठंतरी उभी होती. खुर्ची रिकामी. देखरेखवाले काका बाकांमधून बघत बघत माझ्यापर्यंत आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "तुम्ही बसता का?"

मी म्हणालो, मी तुमच्यातला नाही. ते म्हणाले, फादरांना विचारलंय, चालेल. मी म्हणालो, मला टिपणं घ्यायची आहेत. खरं कारण वेगळं होतं. दोन दिवस वाड्यांतून हिंडत होतो, मोज्याला भोक होतं, आणि टाचा आमच्याकडच्या काळ्या रानाच्या. काकांनी एकदा माझ्या बुटांकडं बघितलं आणि मुकाट्यानं पुढं गेले.

शेवटच्या बाकामागं दाराशी काही पोरं उभी होती, वाडीवर कामाला आलेली, झारखंडची. त्यांच्याकडंही कॅथलिक गावं आहेत. त्यातल्या एकाला काकांनी दंडाला धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. विशीतला असेल. कामावरनं थेट आलेला. तोंड धुतलं होतं, पायाचं त्याच्या मनातही नसावं.

प्रवचन झालं. फादरांनी वरचा सोनेरी काठाचा झगा उतरवून ठेवला आणि कमरेला पांढरा पंचा बांधला. सोबत दोन मुलं, एकाच्या हातात तांब्या, एकाच्या हातात परात. फादर साठीचे, गुडघ्याचं दुखणं असावं. पहिल्या खुर्चीपुढं बसताना त्यांनी जमिनीला हात टेकला. पाय हातात घ्यायचा, परातीवर धरायचा, पाणी ओतायचं, पुसायचं, वाकून ओठ टेकवायचे. पुढची खुर्ची. दर वेळी उठायचं, दर वेळी बसायचं. अकरा पाय स्वच्छ, पाणी जसं पडलं तसंच परातीत. गुलाबी टाचेचे काका समोर भिंतीकडं बघत होते, घड्याळ बघावं तसं.

बारावा पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचा होता. पहिलं पाणी ओतलं आणि परातीत माती उतरली. फादर थांबले. मुलाला त्यांनी खूण केली, तांब्या परत भरून आला. या वेळी नुसतं पाणी ओतून भागेना. त्यांनी अंगठ्यानं बोटांच्या बेचक्यांतला चिखल काढला, टाच चोळली, नखाच्या कडेला अडकलेलं गवताचं पातं उपटलं. पोरगा पाय मागं ओढत होता, फादरांनी घोटा धरून ठेवला. गायनवृंदाचं गाणं संपलं, तरी पाय धुणं चालूच होतं. गाणाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पंचा तपकिरी झाला.

त्याच दिवशी रोममध्ये पोप फ्रान्सिस रेजिना चेली तुरुंगात कैद्यांना भेटायला गेले होते, हे दुसऱ्या दिवशी वाचलं. पोप झाल्यावर पहिल्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्यांनी बालसुधारगृहातल्या मुलांचे पाय धुतले होते, त्यात एक मुसलमान मुलगीही होती. त्या वर्षी आजारपणामुळं गुडघे टेकणं शक्य नव्हतं, तरी ते गेले, भेटले, परतले. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ एप्रिलला, ते वारले. वसईच्या चर्चमध्ये ती बातमी पोचली तेव्हा मी नांदेडच्या गाडीत होतो.

उपासना संपल्यावर वेदीवरची सगळी वस्त्रं, फुलं, मेणबत्त्या उतरवल्या गेल्या. नुसता दगड उरला. घंटा आता शनिवारच्या रात्रीपर्यंत वाजणार नव्हती. बाजूच्या छोट्या वेदीपुढं रात्रीचा जागर होता, तासातासाच्या पाळ्या आळीप्रमाणं फळ्यावर खडूनं लिहिलेल्या. दहा ते अकरा, अकरा ते बारा. मजुरी करणारी ती झाडूवाली बाई परात घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली. मी मागं गेलो. कुंपणाशी केळीची चार-पाच खोडं होती. तिनं पाणी बुंध्याशी ओतलं. मी मोबाइलचा उजेड पाडून बघितलं. खालच्या पानांवर पिवळे-करडे लांबट डाग. म्हटलं, ताई, हा करपा आहे, ही पानं कापून टाका, नाहीतर वर चढेल. ती म्हणाली, सकाळी विळा घेऊन या मग. मी मान हलवली.

आत आलो तर देखरेखवाले काका त्या बारा खुर्च्या एकमेकींत घालत होते. बारावा माणूस एव्हाना पोचला होता, कपाळाला घाम, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. पाय काही धुतले गेले नाहीत, तर तो मुकाट्यानं खुर्च्या उचलायला लागला. झारखंडचा पोरगा एका बाकावर मान टाकून झोपला होता, धुतलेला पाय बाकाबाहेर. त्याला कुणी उठवलं नाही.

एका पोरीनं मला विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या आळीचे?"

"अर्धापूरचा."

तिनं फळ्याकडं बघितलं, सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. "ते नाही लिहिलेलं," ती म्हणाली, आणि खुर्च्यांची एक चळत माझ्या हातात दिली.